वैमानिक निर्दोष

आकाशात गेलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी खाली येते, हा निसर्गाचा नियम आहे. ती कोणामुळे खाली आली, हा मात्र चौकशी समितीचा विषय आहे. निसर्गाने आपलं काम संपवलं की समिती आपलं सुरू करते, आणि या दोघांमध्ये आजवर कधी वाद झालेला नाही.

ही समिती रिमोटवर चालणारी मोठी विमानं उडवणाऱ्या मंडळाची. मोठी म्हणजे खेळण्यातली नव्हेत. (मंडळात 'खेळणं' हा शब्द उच्चारणाऱ्या पाहुण्याला चहा दिला जात नाही.) दीड माणूस लांबीचे पंख, नाकात पेट्रोलचं इंजिन, अंगात हलक्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर इस्त्री फिरवून चिकटवलेलं रंगीत प्लास्टिक. असं विमान कोलांट्या मारतं, उलटं होऊन जमिनीलगत धावतं, शेपटीवर उभं राहून हवेत लटकतं, आणि या सगळ्याचा कंटाळा आला की पडतं. ते बांधायला वर्ष जातं. पडायला वैमानिकाने "अरे अरे अरे" म्हणण्याएवढा वेळ पुरतो, तोही एखादा 'अरे' कमी धरून.

पडल्यानंतरचे शिष्टाचार ठरलेले आहेत. वैमानिकाच्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही. जो सर्वांत जवळ उभा असेल त्याने "अरेरे, काय हा वारा!" असं सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं. मग सगळ्यांनी हातात पिशव्या घेऊन गवतातून एका रांगेत चालायचं आणि तुकडे वेचायचे. शेवटी पत्र्याच्या शेडखाली समिती बसते आणि वैमानिक निर्दोष असल्याचं जाहीर करते. त्यानंतर फक्त गुन्हेगार ठरवायचा राहतो. गेल्या वर्षीच्या अपघातांपैकी निम्मे वाऱ्याने केले, पाव हिस्सा रेडिओच्या लहरींनी, उरलेल्यांतले बहुतेक पक्ष्यांनी आणि एक सूर्याने. (तो समोर आला होता.) एकदा दोघांची विमानं एकमेकांवर आदळली, तेव्हा दोघेही निर्दोष सुटले आणि आकाश अपुरं पडल्याचा निष्कर्ष निघाला. तो एकमताने मंजूर झाला.

या समितीचे सर्वांत तडफदार सभासद म्हणजे सर्व्हेयरसाहेब. पोटासाठी ते एका विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासत. आठवडाभर लोक त्यांना सांगत, साहेब कुत्रं आडवं आलं, साहेब धुकं होतं, साहेब ब्रेक लागलाच नाही. साहेब मान हलवत सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच वाक्य लिहीत: 'चालकाचा निष्काळजीपणा.' त्यांच्या उभ्या कारकिर्दीत एकाही कुत्र्यावर ठपका आला नाही. रविवारी मैदानावर मात्र त्यांच्या हातून एकाही माणसावर ठपका आला नाही. यात विसंगती शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की गाडी जमिनीवर चालते आणि विमान हवेत, तेव्हा ही दोन निरनिराळी शास्त्रं आहेत.

साहेबांच्या पत्नी गाडी चालवायला शिकवत. मंडळात त्यांना सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही म्हणू. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून वहिनींची नजर वेगळीच झाली होती. रस्त्याकडे जग बघतंच, त्या हातापायांकडे बघत. त्यांचा नियमही साधा होता. खांबाला गाडी घासल्यावर "मी चुकलो" म्हणणाऱ्याला पुन्हा चावी मिळे. "खांब मध्ये आला" म्हणणाऱ्याला त्या बसथांबा दाखवत.

तर एका रविवारी साहेब पंखांचे बोल्ट घरी विसरले. (बोल्ट खिशातून बाहेर राहिले, असं समितीचं मत.) वहिनींनी ते आणून दिले आणि त्या निघाल्या, तेवढ्यात साहेबांना हौस आली. "अगं, आलीच आहेस तर बघून जा की!"

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता आणि उलट्या उड्डाणाचा मान यंदा पहिल्यांदाच साहेबांना मिळाला होता. त्यांना तो इतका प्यारा होता, की झोपेतही त्यांचे अंगठे हलत. उलट्या उड्डाणाची गंमत अशी, की विमान सरळ असताना वर न्यायचं तर रिमोटवरची दांडी अंगठ्याने आपल्याकडे ओढायची, आणि उलटं असताना वर न्यायचं तर पुढे ढकलायची. हे मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साहेबांनी स्वतः कितीतरी जणांना ते शिकवलं होतं, कधी कधी ओरडूनसुद्धा.

विमान उलटं होऊन झोकात आलं, वहिनींच्या समोर आलं, आणि जरासं खाली झुकलं. साहेबांनी ओढलं.

विमान मोठं आज्ञाधारक. सांगितल्याबरहुकूम ते थेट जमिनीत शिरलं आणि शेपूट तेवढी वर ठेवून थांबलं. दातांचे डॉक्टर जवळ उभे होते. ते मंडळाचे अध्यक्षही होते. "अरेरे, काय हा वारा!" ते गरजले. (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी त्या वेळी खांबाला ओल्या मोज्यासारखी लोंबत होती, पण पिशव्यांची साक्ष समिती घेत नाही.) मैदानावरचे सगळे डोळे विमानाकडे होते. वहिनींचे साहेबांच्या अंगठ्याकडे होते.

घरी जेवणाच्या टेबलावर तुकडे मांडले गेले. त्या टेबलावर गेलं वर्षभर विमानच होतं आणि घरची माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत होती, त्यामुळे तशी कोणाची गैरसोय झाली नाही. साहेबांनी मोडक्या नाकावरून हात फिरवला आणि त्यांना अगदी भडभडून आलं. वर्षभराचा जीव होता तो.

"कशानं पडलं हो?" वहिनींनी विचारलं.

"वारा, दुसरं काय."

"मग वारा काय कायमचा परगावी गेलाय? पुन्हा येईलच की! आपण एवढं खपून जोडायचं आणि परत त्याच्याच तोंडी द्यायचं? त्यापेक्षा टेबल मोकळं करा."

"अगं, असं काय करतेस? दुरुस्त होईल ते."

"तुमच्या हातून चुकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. माणूस शिकतो. वारा थोडाच शिकणार आहे? नक्की काय झालं ते शोधा आणि मला सांगा. नाहीतर भंगारवाल्याला मी हाक मारते."

एखाद्याने यातून योग्य तो बोध घेतला असता. पण साहेब समितीचे माणूस, आणि अडचणीत सापडलेल्या माणसाचं निर्दोषत्व सिद्ध करणं हा एकच उपाय त्यांना येत होता. त्यांनी समितीला घरी बोलावलं.

डॉक्टर आले, आणि मंडळाचे उपाध्यक्ष बेकरीवाले बिस्किटांचा पुडा घेऊन आले. चहा आला. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"वहिनी, मी स्वतः साक्षीला होतो. शंभर टक्के वारा!"

"असं का? मग शंभर टक्के भंगार," असं म्हणून वहिनींनी टेबलावरचा डावा पंख उचलला आणि दाराशी नेऊन ठेवला.

बेकरीवाल्यांना वाटलं, पुरावा कमी पडतोय. "नुसता वारा नाही हो, रेडिओनंही दगा दिला त्यात!"

"म्हणजे वारा पडला तरी रेडिओ आहेच राशीला." उजवा पंख दाराशी गेला.

"आणि वरून एक घार!" डॉक्टर आता जिवावर उदार झाले होते. "माझ्या या डोळ्यांनी पाहिली." शेपूट दाराशी गेली.

मित्रांच्या चांगुलपणाला सीमा नव्हती. साहेबांच्या बचावासाठी ते जसजसा जोर लावत होते, तसतसं विमान दाराकडे सरकत होतं. डॉक्टरांनी जमिनीतल्या चुंबकत्वाचा मुद्दा काढला तेव्हा वहिनींचा हात इंजिनाला लागला, आणि साहेबांच्या तोंडून किंकाळीच फुटली. "थांब! थांब गं!"

सगळे थांबले.

"चूक झाली," साहेब म्हणाले.

"कोणाची?"

"झाली खरी."

"अहो, पण चुकीला कोणी आईबाप?"

"आपलीच झाली म्हण ना."

"आपली? मी तर बोल्ट घेऊन आले होते!"

साहेबांचे कान तांबडे झाले. कपाळावर घाम फुटला. पुढचा शब्द दोन अक्षरांचा होता आणि त्यांनी तो आयुष्यात असंख्य वेळा वापरला होता, माझी गाडी, माझी खुर्ची, माझी बशी कुठे आहे. पण या ठिकाणी तो कधी वापरला नव्हता आणि घशातून वर यायला तो तयार होईना. अखेर आला.

"माझी. माझी चूक झाली. ते उलटं होतं. ढकलायला हवं होतं, मी ओढलं. तू बघत होतीस ना, तर घाबरलो मी."

बेकरीवाल्यांनी चहात बुडवलेलं बिस्किट हातातल्या हातात विरघळून कपात पडलं आणि त्यांना पत्ता लागला नाही. डॉक्टर रोज माणसांचे दात उपटत, पण असला प्रकार भूल न देता होताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. "वहिनी, मनावर घेऊ नका," ते कसंबसं म्हणाले. "त्यांना धक्का बसलाय. शुद्धीत नाहीत ते."

साहेब मात्र चांगले शुद्धीत होते. त्यांना एकदम हलकं वाटत होतं आणि त्या रविवारपासून पहिल्यांदाच भूक लागली होती. वहिनींनी दोन्ही पंख आणि शेपूट परत टेबलावर आणून ठेवली आणि कपाटातून स्वतःची इस्त्री काढून दिली. "हे आधी बोलला असतात तर एव्हाना एक पंख जोडून झाला असता," एवढंच त्या म्हणाल्या.

दुरुस्ती जोरात झाली. डॉक्टरांनी दात कोरायचं जुनं यंत्र दिलं, बेकरीवाल्यांनी भट्टीतला कागद दिला, ज्याला गोंद चिकटत नाही. वहिनींनी शिकवणी घेतली. त्या कोणत्याही क्षणी, जेवताना, दाढी करताना, "उलटं!" असं ओरडत आणि साहेबांनी तत्काळ अंगठा पुढे ढकलायचा. एकदा हातात आमटीने भरलेला चमचा होता, तोही पुढे गेला. "माझी चूक," साहेब म्हणाले, आणि या वेळी त्यांना घाम आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी विमान उलटं होऊन आलं, नेमकं तसंच झुकलं, आणि साहेबांनी ढकललं. ते असं काही वर गेलं, की वहिनींनी टाळ्या वाजवता वाजवता साहेबांच्या पाठीत एक धपाटाच घातला. साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, हात रिकामे नव्हते. उतरल्यावर समिती बसली नाही. नीट उतरलेल्या विमानाची चौकशी करण्याची पद्धत मंडळात नाही, कारण ते कोणामुळे उतरलं हे वैमानिकाला आधीपासून ठाऊक असतं.

कबुलीच्या दिवशी साहेबांच्या घरातून निघताना डॉक्टरांनी दाराशी हात जोडून विनंती केली होती, की झाला प्रकार बाहेर कळू देऊ नका, आमच्याही घरी माणसं आहेत. पण बेकरीवाल्यांच्या बायकोची वहिनींकडे गाडीची शिकवणी चालू होती. पहिला गिअर ते दुसरा गिअर एवढ्या अवधीत बातमी फुटली, आणि बघता बघता घराघरांत तोच कायदा लागू झाला: कबुली नाही तर दुरुस्ती नाही.

याचे परिणाम अत्यंत समाधानकारक आहेत. यंदाचे सगळेच्या सगळे अपघात वैमानिकांच्या चुकीने झाले असून वारा, पक्षी आणि सूर्य यांची नावं वगळण्यात आली आहेत. पडणाऱ्या विमानांची संख्या तेवढीच आहे. बेकरीवाले इतके तरबेज झाले, की ते इंजिन सुरू करण्यापूर्वीच "माझी चूक" म्हणून मोकळे होतात, मागाहून घाईत राहून जायला नको. डॉक्टरांनी परवा दुसऱ्याच्याच विमानाची चूक आपल्या अंगावर ओढून घेतली, त्यावरून भांडण झालं, आणि नम्रतेचं पहिलं बक्षीस कोणाला द्यावं यावर समिती सध्या विचार करत आहे. साहेब ऑफिसात जातात. एका गाडीवाल्याने कुत्र्याची हकीकत सुरू केली तेव्हा त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे बराच वेळ मायेने पाहिलं. मग नेहमीचं वाक्य लिहिलं.

ही हकीकत आम्ही बऱ्याच जणांना वाचून दाखवली. ऐकून प्रत्येक जण खो खो हसला आणि प्रत्येक जण म्हणाला, "हे अगदी आमच्या अमक्याला वाचायला द्यायला हवं." कोणाला नवरा आठवला, कोणाला बायको, कोणाला साहेब, कोणाला थोरला भाऊ. (स्वतःची आठवण झालेला एकही माणूस अद्याप सापडलेला नाही. शोध चालू आहे.) तुम्हांलाही वाचताना कोणीतरी आठवलं असेलच. तेव्हा कळवण्यास आनंद होतो, की तुम्ही वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही. चौकशी समितीवर तुमची निवड झालेली आहे.