हेडबोर्डमागची केवळबाई

"हेडबोर्ड? म्हणजे पलंगाची गादीवाली पाठच ना? अरे, निम्म्या धुळ्याच्या रिक्षांच्या सीटा मी भरल्या! मला शिकवता?" हेमराजनानांनी मुलाला, हितेंद्रला, झाडलं.

खरी गोम वेगळीच होती. सून हर्षालीच्या माहेरचे, पिंपळनेरचे पाहुणे यायचे म्हणून घराचं रंगकाम काढलं होतं. आणि नानांच्या पलंगामागच्या भिंतीवर होता एक काळपट, तेलकट डाग, चांगला ताटलीएवढा! नानांची बायको केवळबाई तिथं डोकं टेकून बसायची. घरी उकळलेलं माक्याचं तेल थापायची बाई! गेल्या पोळ्याला ती गेली. साड्या वाटून झाल्या, औषधं फेकून झाली, डाग तेवढा राहिला. दुपारी घर रिकामं झालं की नाना त्या डागाला नाक लावायचे. माक्याचा वास यायचा. तेवढ्यावर म्हाताऱ्याचा दिवस निघायचा. त्यावर रंगारी ब्रश फिरवणार? छे!

म्हणून हेडबोर्ड! डाग झाकला म्हणजे रंग लागायचा नाही. पाहुणे गेले की बोर्ड हळूच काढून घ्यायचा.

प्लायवूड आलं, फोम आला, लालभडक रेक्झिन आलं. नानांचा हात सवयीनं चालत गेला. शेजारचा भटू बघायला आला तो पोट धरून हसत सुटला.

"नाना, हाई तं रिक्षानी सीट शे! आते मीटर लाई द्या!"

"हस लेका! पाहुणे बसतील तेव्हा बघ!"

"खिळे मी ठोकू का?" हितेंद्रनं विचारलं.

"खबरदार! गिलावा उडेल!" नाना गरजले. त्यांनी माळ्यावरचा रेक्झिन चिकटवायच्या उग्र वासाच्या सोल्युशनचा डबा काढला. ह्या सोल्युशनचा केवळबाईला भारी तिटकारा. नाना दुकानातून आले की उंबऱ्यातच अडवायची. "आधी हात धुवा, मग या जवळ!" नानांनी ते बोर्डाच्या मागे कडेकडेनं फासलं, मधली जागा कोरडी सोडली. डागाला एक थेंब लागू दिला नाही!

पाहुणे आले. व्याही जीवराम, अंगानं दांडगे. खापरावरच्या पुरणपोळ्या हाणून पलंगावर टेकले आणि "वा! मऊ शे हां!" म्हणत चक्क घोरू लागले. नानांची छाती फुगली. तेवढ्यात हर्षालीनं चहाला हाक मारली. व्याही दचकले. उठायला आधार म्हणून त्यांनी बोर्डाची वरची कड धरली आणि दिला हिसका!

धडाम! बोर्ड मांडीवर, गिलावा डोक्यावर, आणि व्याही पांढरेफटक!

"अरे देवा! मनी चूक व्हयनी, नाना!"

भिंतीच्या विटा उघड्या पडल्या होत्या. मधोमध डाग मात्र जसाच्या तसा!

"हाई काय शे?" व्याह्यांनी विचारलं.

हितेंद्र म्हणाला, "आई इथं डोकं टेकायची."

"वाचली! केवळबाई वाचली!" नाना ओरडतच पलंगावर चढले. त्यांनी डागाला नाक लावलं. परत लावलं. मग खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

"नाना, डाग राहिला ना?" हर्षाली घाबरून म्हणाली.

"डाग राहिला गं. वास गेला! इतके दिवस आत सोल्युशन कोंडलं होतं. माझाच वास लागला तिला!"

व्याही बोर्ड मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. आपण ह्या वयात सगळ्यांदेखत रडतोय हे ध्यानात आलं तसे नाना ओशाळले. उठले, मोरीत गेले आणि साबणानं खसाखसा हात घासू लागले.

"नाना, आता हात कशाला धुताय?" हर्षालीनं विचारलं.

"त्याशिवाय ती जवळ येऊ देत नाही गं."