मालिशच्या खुर्चीची रवानगी

"चालू की बंद?" एवढाच प्रश्न उरला होता. विजेच्या जुन्या वस्तू न्यायला गाडी येणार होती आणि पोस्टमास्तर तिचा फॉर्म भरत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी फॉर्म दिसला की त्यांना हुरूप यायचा. वस्तू : मालिशची खुर्ची, एक. कारण : बायको. तिला शिवणाच्या टेबलासाठी जागा हवी होती. पण चालू की बंद? दोन वर्षं त्या खुर्चीत फक्त वाळलेले कपडे बसत होते.

"बंद लिहा आणि मोकळे व्हा!" बायको आतून ओरडली.

"अगं, खोटं कसं लिहू? खाली सही करायचीय!"

म्हणून मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी बटण दाबलं. खुर्ची गुरगुरली. तिने पाठीत चार गुद्दे घातले, दोन्ही पोटऱ्या गच्च आवळल्या आणि फट्‌ करून गप्प झाली.

"बंद आहे गं," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "आणि मी आत आहे."

बायकोने ओढलं. शेजारच्या न्हाव्याने पायांना साबण चोळून पाहिला. मास्तर सुटले नाहीत, नुसते फेसाळले. तेवढ्यात गाडी आली.

"काका, आम्ही फक्त उचलतो," हमाल म्हणाला. "उघडायचं काम ई-कचरा केंद्रातल्या मेकॅनिकबाईंचं. त्या इथं येत नाहीत, वस्तूच तिकडे जाते."

"आणि हे?" बायकोने विचारलं.

"सध्या वस्तूतच धरू."

बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि पंखे-फ्रिजच्या गर्दीत मास्तर उघड्या गाडीतून निघाले. प्रत्येक थांब्यावर लोक त्यांनाच कर्मचारी समजू लागले. कुणी मांडीवर इस्त्री ठेवली, कुणी मिक्सर. पहिल्यांदा मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या थांब्यावर मात्र त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. "रांगेत या! बॅटऱ्या वेगळ्या, बल्ब वेगळे! वायर गुंडाळून आणा!" लोक निमूट रांगेत आले.

केंद्रात काट्यावरचा कारकून चक्रावला. "एकशेसाठ किलो? खुर्ची आहे की म्हैस?"

"त्यात मी आहे," मास्तर म्हणाले.

"मग आधी सांगायचं नाही?"

मेकॅनिकबाईंनी मागचं झाकण उघडलं, चिमटा घातला आणि शिवणयंत्राची एक बॉबिन बाहेर काढली. बायको छताकडे बघू लागली. खटका पडला आणि मास्तर सुटले.

"आता चालू झाली," बाई म्हणाल्या. "चालू वस्तू आम्ही फोडत नाही. हवी असेल त्याला देतो. फक्त कुणीतरी बसून बघा."

"यांना काही कळत नाही, मीच बघते," म्हणत बायको बसली. खुर्ची गुरगुरली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"वहिनी, उतरता ना?" मेकॅनिकबाईंनी विचारलं.

बायकोने डोळे उघडले नाहीत. "गाडी आमच्याच बाजूला परत जाते ना?"

"जाते की," हमाल म्हणाला.

"मग अशीच चढवा."

मास्तर मुकाट्याने पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले.