रेशो मास्तरची चंद्री

आमच्या गावात माणूस माणसाला भेटला की राम राम म्हणतो. कुंडलिक मास्तर म्हणतो, "वर काय, खाली काय?"

नवा पाहुणा असला की चपापतो. आधी डोक्यावरची टोपी चाचपतो, मग धोतर.

मास्तरच्या म्हणण्याचा अर्थ असा. वर्षाच्या आत तुझ्या हातात काय येणार ते वर लिही, वर्षाच्या आत तुला दुसऱ्याला काय द्यायचं ते खाली लिही, अन् भाग. दोन आलं तर तू ठणठणीत. एक आलं तर काठावर. एकाच्या खाली गेलास की मास्तर तुझ्याकडं असा बघतो, जसा कुणी तिरडीचं माप घ्यायलाय. ह्याला रेशो म्हणतात. कंपनी बुडायच्या आधी ह्यानं कळतं म्हणं. मास्तरनं केजच्या कॉलेजात जन्मभर हेच शिकवलं. पोरं सुटली, कॉलेज सुटलं, रेशो काही सुटला न्हाई. मग ते लचांड घेऊन आमच्या गावात राहायला आला.

मी दुसरीतून शाळा सोडली. शाळेनं मला काढलं न्हाई, मीच उठून आलो. शेरडाचे दात बघून वय सांगतो, माणसाची चाल बघून उधारी सांगतो. मला रेशोची गरज कधी पडली न्हाई.

सरपंचानं नवी कोरी गाडी आणली. गावानं नारळ फोडला, पेढे खाल्ले. मास्तरनं गाडीभोवती एक चक्कर मारली अन् इचारलं, "स्वतःचं किती, उसनं किती?" सरपंच बोनेट पुसायला लागला. मग मास्तरनंच उत्तर दिलं, "स्टेपनी तुमची, बाकी बँकेची." तवापासून मास्तर दिसला की सरपंच काच वर घेतो.

माझ्या पुतणीला बघायला चकलांब्याचे पाहुणे आलते. पोराच्या बापानं जमीन सांगितली, विहीर सांगितली, दोन मजली घर सांगितलं. मास्तर कोपऱ्यात पोहे खात बसलता. म्हणला, "जमीन सोडा, तिची संध्याकाळी भाजी होत नाही. येत्या वर्षात हातात येणारं बोला." पाहुणे बशा अर्ध्या ठेवून उठले. सोयरीक मोडली. पुढं कळलं, त्या दोन मजली घराला बँकेचं कुलूप लागलं. ते खरं. पण मी म्हणतो, पोहे तरी खाऊ द्यायचे.

आता असल्या माणसाची माझ्या घरी ऊठबस कशी? शेरडामुळं.

मास्तर एकटा. लग्न केलंच न्हाई; इचारलं तर म्हणतो, ताळा जुळला नाही. गावात आल्यावर त्यानं केजच्या बाजारातून शेळीची एक काळी पाट आणली, कपाळावर पांढरा चांद. नाव ठेवलं चंद्री. दोन दिवसांत त्याला कळलं की शेरडू वरडतं, कपडे खातं अन् घरभर लेंड्या टाकतं, अन् ह्यातलं पुस्तकात काहीच न्हाई. मग ती त्यानं माझ्याकडं अर्धलीनं टाकली. अर्धली मंजे शेळी त्याची, राखायची मी, अन् होतील ती पिल्लं दोघांत निम्मी. आमच्याकडं हे बापजाद्यापासून चालतं. कागद न्हाई, सही न्हाई.

तवापासून रोज दिवस मावळायला मास्तर फाटकात हजर. म्हणायचा, "मालमत्तेची तपासणी करायला आलो." उपड्या घमेल्यावर बसायचा, चंद्रीचे कान खाजवायचा, आमच्या कारभारणीच्या, गोदाबाईच्या हातचा चहा पेयाचा, अन् जगातल्या कोणत्या कंपनीची देणी किती झाली ते शेरडाला सांगायचा. शेरडू रवंथ करीत ऐकायचं. गावात त्याचं एवढं ऐकून घेणारं तेच एक.

वाटा मात्र कधी नेला न्हाई. "मास्तर, पिल्लं झाली, तुमची निम्मी न्या," म्हणलं की म्हणायचा, "राहू द्या आबा, अजून हिशोब लागला नाही." चंद्रीच्या लेकीच्या लेकी व्याल्या, तरी मास्तरचा हिशोब लागंना. मला वाटायचं, कॉलेजात ह्याला पगार कशाचा देत होते?

मग आमी कंपनी काढली. शेळीवाल्यांची कंपनी. रोकड कुणाकडंच नव्हती, म्हणून भांडवल मंजे शेरडंच. ज्यानं त्यानं आपापली कंपनीच्या नावानं लिहून द्यायची, राखायची आपल्याच दारात, बोकड सगळ्यांनी मिळून इकायचे. चेअरमन मी. अंगठा लावीत न्हाई, सही करतो. सहीला वेळ लागतो, पण करतो.

कंपनी बरी चालली, फक्त पेंड उधारीवर घेतली. तेलगावचा पेंडवाला आधी चहा पाजायचा, मग नुसतं पाणी, मग त्यानं निरोपच धाडला की पैसे द्या, न्हाईतर शेरडं हाकून नेतो. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी ताळेबंद मागितला. म्हणून मंदिरापुढं सभा घेतली. सेक्रेटरीनं शेरडं, येणं, देणं सगळं वाचून दाखवलं. रेशो दोनाच्या जवळ. मी फेटा सारखा केला. कर्ज मिळणार, पेंडवाल्याचं तोंड बंद होणार, अन् ज्यांनी दुसरीतला चेअरमन म्हणून दात काढले त्यांचंबी.

तेवढ्यात मास्तर उठला. "चेअरमन, एक शंका. चंद्री एक का दोन?"

मंडळी हसली. मीबी हसलो.

मास्तर म्हणला, "माझ्या नावापुढं चंद्री लिहिली आहे. तुमच्या नावापुढंही तीच लिहिली आहे."

मी म्हणलं, "तुमची हाय म्हणून तुमी लिहिली. माझ्या दाव्याला हाय म्हणून मी लिहिली. दोघंबी खरंच बोललो."

"दोघंही खरं बोललो. कंपनी तेवढी खोटं बोलली."

मग मंडळीकडं वळून म्हणला, अर्धलीनं शेळी ज्यानं दिलीय त्यानं हात वर करा. झाले. ज्यानं घेतलीय त्यानं करा. तेबी झाले. निम्मं मंदिर हात वर करून बसलं, जशी आरतीच चाललीय. दिलेल्यानं माझी म्हणून सांगितलेली, घेतलेल्यानंबी माझी म्हणून सांगितलेली. लबाड कुणीच न्हाई, अन् शेरडं दुप्पट. मास्तरनं तिथंच भागाकार केला. एकाच्या खाली.

"ही कंपनी कागदावर व्याली आहे," मास्तर म्हणला. "कागदावरची शेरडं दाखवून कर्ज काढाल, वसुलीला खरी जातील."

आता हे कानात सांगता आलं असतं का न्हाई? रोज माझ्या दारात चहा पेतो, तिथं सांगितलं असतं. पण न्हाई, समद्या गावापुढं. माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, "मास्तर, तुमचा निम्मा वाटा हाकून न्या अन् परत माझ्या फाटकात पाय ठेवू नका."

मास्तर खाली बसला.

ताळेबंद काही बँकेत गेला न्हाई. ठरलं असं, की प्रत्येकाच्या दारात जाऊन शेरडं पुन्हा मोजायची, अन् जितं बांधलीत तितंच मोजायची. ज्याचा निम्मा वाटा हाय त्यानं हजर राहून सांगायचं, कंपनीत ठेवतो का काढून नेतो. निम्म्या लोकांनी वाटा काढला तर कंपनी तिथंच बसणार, अन् पेंडवाला टेम्पो घेऊन येणार. गाव माझ्याकडं बघायचं. चेअरमनच्याच घरचा वाटा गेला, तर बाकीचे कशाला ठेवतील?

त्या दिवसांत मास्तर आला न्हाई. दिवस मावळायला चंद्री फाटकाकडं तोंड करून उभी राहायची अन् वरडायची. गोदाबाई सवयीनं एक कप जास्तीचा ठेवायची, अन् तो मला पाजायची. "प्या की. तुमीच हाकललंय त्याला, त्याच्या वाट्याचा तुमीच प्या." दोन-दोन कप चहानं मला पित्त झालं. त्याचाबी दोष मास्तरचाच.

मोजणीला सुरुवात माझ्या दारातून झाली. सेक्रेटरी आला, मंडळी आली, अन् मागून मास्तर आला. फाटकाच्या बाहेरच थांबला. पाय आत ठेवला न्हाई, एवढं ध्यानात ठेवलेलं.

मी म्हणलं, "चंद्रीची सगळी बाजूला काढलीत. निम्मी निवडा."

गोदाबाई त्याच्या हाताकडं बघत होती. म्हणली, "मास्तर, शेरडं न्यायला आलात तर दावं कुठंय?"

मास्तरनं आपले दोन्ही हात बघितले, जसं दावं वाटेत कुठं पडलं असावं. मग म्हणला, "गोदाताई, नेण्याआधी हिशोब लावावा लागतो. आज लावला." घसा साफ केला, कॉलेजात करीत असंल तसा. "वर माझा वाटा, म्हणजे ही सगळी निम्मी शेरडं. खाली तुमचं देणं. रोजचा चहा. बसायला घमेलं. माझ्या घरी संध्याकाळी दिवा लावला की घर जास्तच मोठं दिसतं, म्हणून मी इथं येतो, तेही खालीच धरावं लागेल. भागून बघितलं. एकाच्या खाली येतं, आबा. फार खाली."



"मी केव्हाच बुडालेला आहे," मास्तर म्हणला. "बुडालेल्याला वाटा काढता येत नाही. सगळी कंपनीकडं लिहा."

सेक्रेटरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "लिही बे, बघत काय बसलास?"

मागं उभ्या असलेल्यांनी मग आपापले वाटे ठेवले. एक-दोघांनी काढले, ते कुठंबी असतात. बोकड जरा लवकर, जरा पडत्या भावानं केजच्या बाजारात इकले, पेंडवाल्याला निम्मे दिले, उरलेल्याला त्यानं वर्ष उलटेस्तोवर थांबतो म्हणून सांगितलं. रेशो एकाच्या जरासा वर, खरडत खरडत. मास्तर म्हणतो, "आजारी आहे, मेलेली नाही." कंपनीला म्हणतो का मला, ते मी इचारलं न्हाई.

मी काही त्याला या म्हणलं न्हाई. मी शब्द मागं घेत नसतो. फक्त शेरडं आत आली की मी फाटक लावून घ्यायचो, ते आता मास्तर येऊन घमेल्यावर बसल्यावर लावतो.

एखाद्या दिवशी त्याला उशीर होतो. शेरडं तेवढ्यात बाहेर पळतात, अन् ह्या वयात मला त्यांच्यामागं पळावं लागतं.