तलवारीची बिमारी

आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याच्याही आधी तलवार चालायची. बापूराव काका बनियन-लुंगीवर अंगणात उभे राहून शेवग्याच्या झाडावर वार करायचे. वार झाला की तलवारीतून 'खण्ण' असा आवाज निघायचा आणि समोरची कुत्री पळायची. काका मात्र तलवार कानाशी नेऊन तोंड वाकडं करायचे. "वाजून नाही राह्यली बावा!"

काका अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. सारा जन्म मशिनींच्या घरघराटात गेला. एखादी वस्तू खराब झाली असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नव्हती. "खराब नसते, बिमार असते. बिमारी पकडा!" शांताकाकूंचा मिक्सर असाच बरा होता होता वारला.

तलवार मात्र झकास जमली होती. वायरिंगच्या पाइपाला चंदेरी कागद, मुठीत सेल, एक स्प्रिंग आणि खेळण्यातल्या बंदुकीचा छोटा स्पीकर. हिसका बसला की स्प्रिंग टेकायची आणि भरून ठेवलेला आवाज वाजायचा. त्या आवाजासाठी काकांनी घरातले सगळे सराटे, म्हणजे उलथणी, एकमेकांवर आपटून पाहिले. तेवढे दिवस काकूंनी पोळ्या हातानंच उलथल्या.

स्पीकरवर काकांचा भरवसा नव्हता. बंदुकीचा काढून दारावरच्या बेलचा लावला, तो काढून जुन्या रेडिओचा. मूठ फुगत फुगत वाटीएवढी झाली. शेवटी ते माझ्याकडे आले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. माझ्या बापानं शाळेचा उंबरठा पाहिला नाही. त्यामुळे मीटर बाहेर काढताना माझी मान जरा ताठ होते, आणि का होऊ नये?

काकांच्या ओट्यावर बसून मूठ उघडली. वायरी ओढून पाहिल्या, टाके पाहिले, स्पीकर मीटरला लावला. सगळं ठणठणीत. नवे सेल टाकून हिसका दिला, तर माझेच कान बधिर झाले. काका माझ्या तोंडाकडे टक लावून होते. "वाजली?"

मागून काकू म्हणाल्या, "चहा झाला." काकांनी मान वळवली नाही. काकू पुन्हा म्हणाल्या. तरी नाही.

आमच्या वऱ्हाडात सगळेच ओरडून बोलतात. शेजारणीला विरजण मागितलं तरी अख्ख्या गल्लीला कळतं. त्यामुळे बहिरा झालेला माणूस आमच्याकडे फार उशिरा सापडतो.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "काका, स्पीकर चांगला हाये! तुमी कान दाखवून घ्या!"

"बिमारी तलवारीत हाये, माह्यात नाही!" असं म्हणून ते तरातरा अंगणात गेले.

"कानाचं नाव काढलं का असेच भडकते," काकू म्हणाल्या. मग चहा देता देता त्यांनी सांगितलं, तलवार वंदनासाठी होती. वंदना त्यांची एकुलती एक मुलगी, भातकुलीकडे शाळेत शिक्षिका. कॉलेजात तिला नाटकात राणीचं काम मिळालं होतं. काकांनी ठणकावलं, आपल्या घरच्या पोरी स्टेजवर चढत नाहीत.

"तवापासून तिनं बापाले काईच मांगितलं नाही रे गजू. आता गॅदरिंगले मास्तर लोकाईचं नाटक हाये, थे राणी झाली. तिनं फोन केला, बाबा, मले तलवार करून देता का? तवापासून याईले दुसरं काही सुचतच नाही. म्हनते, तलवार आयकू आली का पोरगीय आयकू येईन."

अंगणात पुन्हा 'खण्ण' झालं. मी चहा तसाच खाली ठेवला.

गॅदरिंगला मीच त्यांना घेऊन गेलो. काका पहिल्या रांगेत बसले. वंदना नऊवारीत आली, तलवार उपसली, आणि असा खणखणाट झाला की पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग तिचं लांबलचक भाषण. सगळा मांडव चिडीचूप. काका पुढे वाकून तिच्या ओठांकडे पाहत होते.

नाटक संपल्यावर ती तशीच धावत आली. "बाबा, ऐकू आलं ना सगळं?"

"आलं न! सारं आलं!" काका म्हणाले. ती पदरानं डोळे पुसत हसली.

परतीच्या एसटीत बडनेरा मागे पडलं. मग काकांनी हळूच विचारलं. त्यांच्या हिशेबानं हळू, म्हणजे ड्रायव्हरला ऐकू जाईल इतकंच. "गजू, काय म्हने रे थे?"

मी आठवेल तेवढं त्यांच्या कानात ओरडून सांगू लागलो. अख्खी एसटी वळून पाहत होती. "मग म्हणाली, मला अडवणारा कोण आहे, त्यानं समोर यावं!"

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग कान माझ्या तोंडाशी आणून म्हणाले, "कशी म्हने? जोरात?"

"लय जोरात, काका."

"अजून एकदा म्हन."