टिपणीसकाका आणि सातवा होल

आमच्या सोसायटीच्या गेटपासून ए विंगच्या जिन्यापर्यंत साठ पावलं आहेत. टिपणीसकाकांना ती एकशेदहा लागतात. वयाचा दोष म्हणाल, तर तसं नाही. पंचाहत्तरीतही काका टुणटुणीत आहेत. ते सरळ चालत नाहीत, एवढंच. गेटातून शिरले की आधी डावीकडे बदामाच्या झाडाला वळसा, मग पाण्याच्या टाकीला उजवीकडून, मग मीटर रूमच्या कडेकडेने हळूच जिन्याशी. हातात भाजीची पिशवी असो की इस्त्रीचे कपडे, मार्ग ठरलेला. नव्या वॉचमनने पहिल्या दिवशी, काका दारू पिऊन आलेत असं समजून, त्यांच्या दंडाला धरलं होतं. काकांनी त्यालाच बाजूला घेऊन समजावलं, "सरळ जातं ते गटार. माणसानं थोडं वळून जावं."

हे वाक्य मी काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली नाला दिसला की मला काकाच आठवतात.

या सगळ्याचं मूळ गोल्फमध्ये आहे. काकांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. मुलुंड पूर्वेला धरतो तरी कोण? पण गोल्फचं मैदान कसं असावं, यावर त्यांच्याइतका अधिकाराने बोलणारा माणूस निदान आमच्या गल्लीत तरी नाही. मुळात 'मैदान' म्हटलेलंच त्यांना खपत नाही. कोर्स म्हणायचं. आणि कोर्स म्हणजे इंग्लंडातला, जुना, पार्कलँड पद्धतीचा. समुद्राकाठचे उघडेबोडके कोर्स हे नुसते खेळणाऱ्यांसाठी, पार्कलँड हा माणसांसाठी, असं त्यांचं ठाम मत. कुणा लॉर्डाच्या बागेतली जुनी ओकची झाडं, दाटीवाटी न करता एकेकटी, ऐसपैस उभी. त्यांच्यामधून वळत जाणारी मऊ हिरवळ, एक तिरका ओढा आणि मोजके वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर.

"बंकर चेंडू पकडायला नसतो रे," काका म्हणतात. "तुझा मोह पकडायला असतो."

माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी ताटात मसालेभाताचा उतार केला, मागून पुढे झुकलेला. ते ग्रीन, म्हणजे जिथं शेवटी चेंडू भोकात घालायचा ती जागा. कोशिंबिरीचा बंकर त्याला खेटून आहे असं दिसत होतं, पण प्रत्यक्षात दोघांच्यात चार बोटं अंतर होतं. जुने डिझाइनर नजरेला असंच फसवतात, हे ते माझ्या सासऱ्यांना समजावत होते. वाढपी जिलबीचं ताट घेऊन ताटकळत उभा. सासरे त्यानंतर महिनाभर, ते गृहस्थ बरे आहेत ना, असं विचारत होते.

सोसायटीने एकदा चुकून त्यांच्याकडे बाग सोपवली. महिनाभरात बागेतलं गवत मध्ये बारीक आणि कडेला गुडघाभर झालं. मुलांच्या वाळूच्या चौकोनाचं रूप बदलून काजूच्या बीसारखं वळण घेतलेला, एका बाजूने उंच काठाचा बंकर अवतरला. मुलांआधी मांजरांनी त्याचा ताबा घेतला. आमचे सेक्रेटरी गालाभाई गयावया करत म्हणाले, "टिपणीसभाई, घास तो पूरा कटवाओ ना." काकांनी त्यांना रफचं, म्हणजे कडेला मुद्दाम वाढू दिलेल्या गवताचं, महत्त्व सांगायला सुरुवात केली, तेव्हा गालाभाईंनी गुपचूप माळीच बदलला.

काकांना हे वेड लागलं ते घाटकोपरच्या एका ड्रॉइंग ऑफिसात. ते तिथे ट्रेसर होते. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवून काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या लग्नाआधीची गोष्ट. एका बड्या असामीने कर्जतच्या पुढे जमीन घेतली. तो इंग्लंडात कुठलासा कोर्स पाहून आला होता आणि त्याला तसाच्या तसा इथे हवा होता. तिथले नकाशे आले आणि अठरा होलचे, म्हणजे खेळाच्या अठरा टप्प्यांचे, अठरा कागद काकांच्या टेबलावर पडले. नऊ महिने ते उतार आणि वळणं गिरवत होते. ओकच्या जागी कदंब आणि जांभूळ लागणार होते, तेवढाच काय तो फरक. पुढे तिथला इवलासा इंग्रजी ओढा कर्जतच्या पावसात पूल घेऊन गेला, त्यावर काकांचं उत्तर तयार असायचं: प्लॅनमध्ये पाऊस नव्हता.

कारण प्लॅन म्हणजे काकांचं दैवत. ट्रेसरने मनाचं काही घालायचं नाही, एक ठिपकासुद्धा. आमच्या प्लंबरने नळ ठरल्या जागेपासून वीतभर सरकवला, तर काकांनी त्याला दिवसभर काम करू दिलं नाही.

गंमत म्हणजे तो कोर्स काकांनी कधी पाहिलाच नव्हता. क्लब मेंबरांचा. माझे ऑफिसचे साहेब, खन्ना, तिथले मेंबर आहेत. मी दोनदा काकांना विचारलं होतं, नेऊ का? दोन्ही वेळा ते म्हणाले, आपण मेंबर नाही, उगाच कशाला. काकू होत्या तेव्हा त्याही हेच म्हणायच्या. शैलाकाकू जाऊन चार वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे रविवारचा सकाळचा चहा काका आमच्याकडे घेतात.

अशाच एका चहाला मी सहज सांगितलं, की त्या क्लबात सातव्या होलवरचं एक झाड तोडणार आहेत. बरोबर वाटेत येतं, सगळ्यांचे चेंडू त्याच्यामागे अडकतात. खन्नांच्या मते डिझाइनरची ती घोडचूक होती.

काकांनी कप खाली ठेवला. कुठलं झाड, डावीकडून दुसरं का, असं विचारलं. मला कुठलं माहीत असायला? मग म्हणाले, "मला घेऊन चल. या रविवारीच."

खन्नांनी पाहुणा म्हणून परवानगी दिली. काका पांढराशुभ्र शर्ट आणि लग्नकार्यातले बूट घालून गाडीत बसले. मला वाटत होतं, तिथे पोचल्यावर प्रवचन ऐकावं लागेल. पण पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. वळण दिसायच्या आधीच ते हलक्या आवाजात सांगत होते, आता उजवीकडे उंचवटा, त्यामागे दोन बंकर. आणि ते निघायचेच. खन्नांची बॅग उचलणाऱ्या पन्नाशीच्या कॅडीने अदबीने विचारलं, साहेब किती वर्षं खेळताय? एकदाही नाही, काका म्हणाले.

सातव्या होलला तो कदंब उभा होता. भलामोठा, हिरवळीच्या जवळजवळ मधोमध. खन्नांचा चेंडू शिस्तीत जाऊन त्याच्यामागे पडला. खन्ना वैतागले. याच महिन्यात हे जाणार, म्हणाले.

काका पुढे झाले. ड्रॉइंग ऑफिसच्या जपून वापरलेल्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की चांगल्या पार्कलँड कोर्सवर एक तरी झाड असं असतं ज्याच्याशी भांडावं लागतं. ते आहे म्हणून पहिल्या फटक्यालाच ठरवावं लागतं, डावीकडून जायचं की उजवीकडून. ते काढलंत की उरेल नुसता बोळ. मग आंधळाही खेळेल. खन्ना ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: हे मूळ इंग्रजी डिझाइनमध्ये आहे का?

काकांनी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आहे. मी स्वतः ट्रेस केलंय."

इंग्रजांनी आखलेलं म्हटल्यावर खन्ना एकदम विरघळले. मग प्रश्नच नाही, मी कमिटीशी बोलतो, झाड राहील, असा शब्द त्यांनी तिथल्या तिथे दिला आणि ते आपला चेंडू शोधायला गेले. मला खूप आनंद झाला. काकांच्या खांद्यावर थाप मारणार होतो. पण काका तोपर्यंत झाडाच्या बुंध्याशी, लग्नाच्या बुटांसकट, मातीत बसले होते.

"मूळ प्लॅनवर इथं काही नाही," ते म्हणाले. "कोरं आहे."

नळ वीतभर सरकला म्हणून दिवस वाया घालवणारा हा माणूस!

"पेनातून शाईचा थेंब पडला. मी ब्लेड काढलं खरवडायला. शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी होती, तिनं ब्लेड काढून घेतलं माझ्या हातातलं. म्हणाली, कशाला खरवडताय, कागद फाटेल. झाड करून टाका. कोण जातंय बघायला?" काकांनी बुंध्यावर हात ठेवला. "तोवर एक शब्द बोलली नव्हती माझ्याशी. मी केलं झाड. त्या लोकांनी खरंच लावलं रे. आणि आम्ही दोघं घाबरून कधी इकडे फिरकलोच नाही. चूक पकडली जाईल म्हणून."

शैलाकाकूंना मी वीस वर्षं ओळखत होतो. त्यांच्या हातचे घावन खाल्ले, त्यांचा ओरडा खाल्ला. पण ही गोष्ट दोघांपैकी एकानेही कधी सांगितली नव्हती. मी उगाच वर फांद्यांकडे बघत बसलो.

तेवढ्यात कॅडी बॅग सावरत आला. झाड वाचल्याचा त्यालाही आनंद झाला असावा. म्हणाला, "बरं झालं साहेब. हिला आम्ही सगळे सासू बोलतो. कोणाला सरळ जाऊन देत नाय."

काका आधी नुसतेच हसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि चष्मा काढून ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागले.

"हौस होती रे तिला," ते म्हणाले. "सासू व्हायची फार हौस होती."

मागून खेळणाऱ्यांची दुसरी चौकडी आली होती. बाजूला व्हा, म्हणून लांबून हात करत होती. काका उठले नाहीत. बुंध्याला पाठ टेकून, पाय सरळ सोडून बसून राहिले.