एका लोककथेपायी अख्खं गाव अनवाणी

कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक द्यावं, हे माझ्याइतकं अख्ख्या डिचोली तालुक्यात कुणाला कळत नाही. असं मी नाही म्हणत. म्हणजे मीच म्हणते, पण खोटं नाही. सगळा जन्म प्राथमिक शाळेत गेला माझा. पोराच्या तोंडाकडे बघितलं की कळतं, याला कादंबरी झेपेल की लोककथा. म्हणून निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयाची किल्ली मी स्वतःहून मागून घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात, भोगा आता!

वाचनालय म्हणजे पंचायतीमागची खोली, दोन कपाटं आणि कधीच नीट न लागणारं, खिडकी म्हणवणारं एक जनेल. दहा-बारा वर्षांची पोरं तिथे यावीत एवढाच माझा हट्ट. या वयात हातात पुस्तक पडलं नाही, की पुढे फक्त मोबाईल पडतो. पण आमचे पंच गोकुळदास यांना त्या खोलीत व्यायामशाळा हवी होती. पुढच्या ग्रामसभेपर्यंत पोरं दिसली नाहीत तर खोली खाली करा, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

मी पेटले. शेजारचा रुद्रेश धरून आणला आणि त्याला एक हेरकथेची कादंबरी दिली. पोराने ती जेवणखाण सोडून वाचली, आणि मग स्वतःच हेर झाला. श्रावणातल्या सोमवारी तो गोकुळदासांच्या मागोमाग साखळीच्या बाजारात गेला. उपास धरलेले पंच खानावळीत तळलेल्या बांगड्यासमोर बसले होते. बरं, बघून गप्प बसावं? पण कादंबरीत हेर शेवटी सगळ्यांसमोर उलगडा करतो. रुद्रेशने तो पंचांच्या बायकोसमोर, पद्मावतीवहिनींसमोर केला. त्या दिवसापासून व्यायामशाळेच्या मागणीला भलताच जोर चढला.

शहाण्या बाईने इथेच थांबावं. मी म्हटलं, कादंबरी अंगाशी आली तर येऊ दे, लोककथा कुणाचं काय वाकडं करणार? रुद्रेशची चुलत बहीण सेजल ही सगळ्या पोरांची पुढारी. तिच्या हाती मी लोककथांचा संग्रह दिला, वाचनालयातली एकुलती एक प्रत. त्यात राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, गोष्ट होती. तो रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, मग गाव त्याच्यापुढे नव्या चामडी वहाणा ठेवतं. ही गोष्ट ऐकायला पोरांची अशी दाटी झाली, की मला बसायला कदेल उरलं नाही. मी सुखाने भिंतीला टेकून उभी राहिले.

"टीचर, आपल्या राखणदाराला वहाणा कोण देतं?" सेजलने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. पूर्वी देत, आता कुणाला सवड आहे?

"मग तो अनवाणी फिरतो?"

"फिरत असेल बाई," असं म्हणून मी दुसऱ्या पोराकडे वळले. तिथेच माझा घात झाला.

दोन दिवसांनी देवळात सप्ता बसला. संध्याकाळचं भजन आटोपून मंडळी बाहेर आली, तर पायऱ्या मोकळ्या. एक चप्पल नाही! गोकुळदासांचे पणजीहून आणलेले नवे बूटही गेलेले. ते पोलिसांना फोन लावणार, एवढ्यात रुद्रेश पुढे झाला आणि त्याने उलगडा केला: हे सेजलच्या पलटणीचं काम. सवयच लागली होती मेल्याला.

गाव तसंच अनवाणी शिवेवरच्या वडाकडे निघालं. राखणदाराच्या पाषाणापुढे चपलांच्या ओळी लागल्या होत्या, अगदी नीट, जोडीला जोड. पण उचलणार कोण? राखणदाराला दिलेली वस्तू त्याला विचारल्याशिवाय परत घ्यायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. गोकुळदास स्वतःच्या बुटांसमोर हात जोडून उभे राहिले.

विचारायचं ते सगुण घाडीने. गावाच्या वतीने गाऱ्हाणं तोच घालतो, आणि तो नेमका पेडण्याला लेकीकडे गेलेला. घरी दुसऱ्या चपला होत्या सगळ्यांच्या, पण एक जोड त्याच्याकडे ठेवून आपण दुसरा घातला आणि त्याला राग आला तर? सकाळी आमची नोकरदार माणसं पणजीच्या बसमध्ये अनवाणी चढली. कंडक्टरने विचारलं म्हणे, कुठल्या देवाला चाललात? जो तो माझ्या दारावरून जाताना मुद्दाम पाय दाखवून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सगुण आला. त्याने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे चपला न्यायला परवानगी मिळाली. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच सेजलने माझा पदर ओढला.

"टीचर, पुस्तकपण तिथेच आहे. रात्रभर एकटाच असतो ना तो."

पावसात भिजू नये म्हणून पोरीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. रागवावं की पोटाशी धरावं, मला कळेना. सगुणने पुन्हा विचारलं. डावी पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावी.

"चपला व्हरा," सगुण म्हणाला. "पुस्तक मात दिना तो." म्हणजे चपला न्या, पण पुस्तक तो देत नाही.

पायात बूट चढताच गोकुळदासांना कंठ फुटला. वाचनालय आजच बंद, असं त्यांनी वडाखालीच जाहीर केलं. माझी बाजू घ्यायची सोडून जो तो आपली जोडी पायात चढवू लागला. खरं सांगते, रडूच आलं मला. मी कमरेची किल्ली काढून पुढे धरली.

तेव्हा सगुण सावकाश म्हणाला, "बंद केल्यार तो पुस्तक परत खंय हाडटलो?"

परत कुठे आणून देणार! गोकुळदासांनी पाषाणाकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे, आणि किल्ली माझ्याच मुठीत परत दाबली.

वाचनालय वाचलं. पण आयांनी पोरांना तिकडे फिरकायची बंदी घातली. रुद्रेशला आणखी हेरकथा द्या, असा गुपचूप निरोप एकट्या पद्मावतीवहिनींनी पाठवला. मी रोज खोली उघडते, कपाटं पुसते आणि दाराकडे बघत बसते. हक्काचा वाचक आता एकच उरलाय. त्याने नेलेलं पुस्तक अजून आलेलं नाही, आणि मागायला जायची माझी छाती नाही.