ऑइलपेंटचे वैरी

मलकापुरातले आमचे शेजारी शंकरआबा जेवायला बसले तरी त्यांच्या खिशात रंग खरवडायची पोलादी पट्टी असायची. उभी हयात कुपवाडच्या कारखान्यात टर्नर म्हणून गेलेली, त्यामुळे पट्टी स्वतःच घडवलेली. माझ्या मेहुण्याच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी आबा कुठे दिसेनात. पाहतो तर कार्यालयामागच्या मारुतीच्या देवळात दगडी खांबावरचा गुलाबी रंग खरवडत बसलेले. पुजारी ओरडतोय आणि आबा त्याच्यावर दुप्पट ओरडतायत, "दगडाला लाली कशाला रं? बघायला पावनं येनार हायत व्हय त्याला?"

खोटं नाही सांगत, नव्वदनंतर आमच्याकडे जीर्णोद्धाराची साथच आली होती. वर्गणी जमली की आधी ऑइलपेंट, मग देवाच्या पाठीमागे न्हाणीघरातल्या चकचकीत फरश्या, वर सिमेंटचा स्लॅब. पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस खाल्लेला दगड आठ दिवसांत आइस्क्रीमच्या गाडीसारखा दिसायला लागायचा. संताप मलाही यायचा, पण मी घरी बसून संतापायचो. आबांना एस.टी. पकडून संतापायची सवय.

पाटणच्या बाजूला डोंगरात आबांचं गाव. गावाबाहेर देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही असा रिवाज. आत झुडपांनी गिळलेलं देऊळ आणि पडकी धर्मशाळा. दर रविवारी आबा रंग पुसायला रॉकेलचा डबा घेऊन तिथे जायचे आणि मलाही ओढून न्यायचे. झुडपं काढ, ढासळलेला दगड जागेवर बसव, रंग खरवड. पाठ मोडून गेली, पण देऊळ पुन्हा काळंभोर झालं.

आणि नेमकी तेव्हाच गावच्या कमिटीला मंडप घालायची हुक्की आली. त्यासाठी देवळासमोरचे जुने बेहडे तोडायचे. देवराईतलं झाड म्हटल्यावर देवाची परवानगी हवी, म्हणून कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. पुन्हा लावली, पुन्हा डावं. तिसऱ्यांदा गुरवाने उजवं फूल जरा अलगदच टेकवलं, ते पडलं, आणि निर्लज्जांनी टाळ्या वाजवल्या.

आबा उंबऱ्यावर उभे राहिले. "आवं, दोनदा न्हाई म्हनला त्यो! तिसऱ्यांदा तुमाला कट्टाळून व्हय म्हनला आसंल. सोताच्या बापाला तरी इतक्यांदा इचारता का रं?"

अध्यक्ष म्हणाले, "आबा, तुमी देवाच्या मधी पडू नगा."

"मग तुमी झाडाच्या मधी पडू नगा! आना कुऱ्हाड. पयला घाव माझ्या पायावर घाला."

गर्दीतली एक म्हातारी पुटपुटली, "डावा कौल त्यो डावाच." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. कुऱ्हाड कुणी आणली नाही. मंडप शाळेच्या पटांगणात गेला.

पुढच्या रविवारी धर्मशाळेची एकच भिंत खरवडायची उरली होती, हिरव्या ऑइलपेंटची. मी पट्टी लावतोय तोच आबांनी माझं मनगट धरलं.

"ती ऱ्हाऊ दे."

मी उखडलोच. साऱ्या मुलखाशी भांडणं उकरून काढायची, माझे रविवार मातीत घालायचे आणि ही भिंत ठेवायची? "का म्हणून?" मी ओरडलो.

आबांनी बोट दाखवलं. कमरेच्या उंचीवर रंगात एक लहानसा पंजा उमटला होता. आबांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा. काही वर्षांपूर्वी, धर्मशाळा धड होती तेव्हा, काकू त्यांच्या शेवटच्या जत्रेला इथे मुक्कामाला आल्या आणि भिंत नुकतीच रंगवलेली होती.

"लय बोललो तिला," आबा म्हणाले. "पार मलकापूर येईस्तवर बोललो. म्हैन्याभरात गेली."

मी पट्टी खाली ठेवली. आबा खेकसले, "बघत काय बसलाईस? पोतं आन. झाकून ठेवूया."

मी बाहेरून पोतं घेऊन आलो. आबा भिंतीसमोर उकिडवे बसले होते आणि हातवारे करून तावातावाने बोलत होते, "रंग वला हाय म्हनून सांगितलं हुतं का न्हाई तुला?"